ओहोटीची हजेरी

मुलं अकरा, इयत्ता सहा, खोली एक.
शिक्षिकाही एकच, ती मी.
शेगडी पेटवणं, नाकं पुसणं, दाखले लिहिणं,
छपराच्या फळ्या वाऱ्याने नेल्या तर
गवतातून शोधून आणणं,
हे सगळं माझ्या नेमणूकपत्रात एका शब्दात बसवलंय:
इतर.

आठ वाजता मचवा धक्क्याला लागतो.
आधी मुलांचा वास येतो, मग मुलं:
ओली लोकर, धूर, रात्रीचा मासा.
शेगडीवरच्या दांडीला मोजे टांगायचे,
ज्याची त्याची जागा ठरलेली.
पहिला तास आम्ही मोजे वाळताना बघतो.
वेळापत्रकात मी त्याला "भाषा" लिहिते,
कारण तेवढ्यातच ती बोलतात:
गाय व्यायली, मामा दक्षिणेला गेला,
बेलार्मिनोच्या आजीने स्वप्नात बुडालेली होडी पाहिली
आणि होडीत त्यांचीच कोंबडी होती.

राजधानीहून पुस्तक आलंय.
त्यात बटाटा आहे. एकच. गोल, पिवळा, हसरा.
दोमितिलाने हात वर केला.
तिच्या घरी तेरा जातींचे बटाटे,
एक जांभळा, एक मांजराच्या पंज्यासारखा,
एक इतका वाकडा की तो सुनेला सोलायला देतात,
तिचा स्वभाव कळावा म्हणून.
"बाई, यांच्याकडे एवढाच?"
एवढाच, म्हटलं.
"बिचारे," म्हणाली, आणि पान उलटलं.

एलिसेओ नावेलकीन मात्र गैरहजर.
तीन दिवस गैरहजर, मग अकरा-बारा दिवस हजर,
पुन्हा तीन दिवस गैरहजर.
कास्त्रोहून पत्र आलं: कारण कळवा.
मी हजेरीपट भिंतीवर टेकवला
तो नेमका भरती-ओहोटीच्या कोष्टकाशेजारी,
आणि बघतच राहिले.
अमावस्येला गैरहजर. पौर्णिमेला गैरहजर.
उधाणाच्या दिवसांत समुद्र जिथवर मागे हटतो
तिथवर त्याच्यामागे जाणारा.
इतका नियमित मुलगा माझ्या शाळेत दुसरा नाही.

पुढच्या अमावस्येला फळा हातगाडीवर घातला,
दहा मुलं मागे, उतारावर चाक दोनदा निखळलं,
आणि शाळा किनाऱ्यावर उतरली.
एलिसेओ मांडीभर पाण्यात,
आईबरोबर तांबडं शेवाळ ओढत होता.
त्याने आम्हाला पाहिलं
आणि पाठ केली.

मी दगडावर बसले. पट उघडला.
"एलिसेओ नावेलकीन."
वारा. एक बगळा उडाला.
दहा मुलं कधी नव्हे ती गप्प.
"एलिसेओ नावेलकीन."
आईने त्याला कोपर मारलं.
"हजर," तो म्हणाला,
दोन्ही हातांत शेवाळ, वर करायला हात नाही.

मग गणित.
चार पोती, प्रत्येकी तीस किलो, ओली.
वाळून पाचवा हिस्सा उरतो. किती?
ऑरिस्तेलाने खडू मोडेपर्यंत भागाकार केला: चोवीस.
शाबास, म्हटलं.
"एकवीस," पाण्यातून आवाज आला.
पुन्हा कर, म्हटलं.
"केलंय, बाई. काटा लॉरीवाल्याचा असतो.
तीन किलो त्यात नेहमी हरवतात."
त्याची आई खाली बघून शेवाळ पिळत राहिली.

ही वजाबाकी कुठल्याच धड्यात नव्हती.
आम्ही ती ओल्या वाळूवर मांडली,
मोठ्या अक्षरांत, लॉरीवाल्याच्या नावासकट.
पाणी वर येईपर्यंत टिकली.

कास्त्रोला कळवलं: हजर अकरा.
वर्ग कुठे भरला, या रकान्यात
"किनारा" लिहिलं, खोडलं,
मग "इतर" लिहिलं.

संध्याकाळी शेगडी विझवताना
दांडीवर एक मोजा राहिलेला दिसला.
डाव्या पायाचा, टाचेला दोन रंगांचं रफू.
तिथेच राहू दिला.