सत्त्याहत्तर

रात्रीचे दोन. राजारामपुरी, आठवी गल्ली.
पडद्यावरची एकच ओळ तासभर बघतेय:
पत्ता वजा पाया, भागिले आकार.

कर्नलच्या मेमरीत वस्तू रांगेनं बसतात,
एकेक एकशेचार बाइटची, खांद्याला खांदा लावून.
एखादी उठली की विचारायचं, तू कितवी?
मग वहीतून तिच्या मालकाच्या नावावरचा भार उतरवायचा.
साधा भागाकार.
पण सेकंदाला लाखो वेळा,
आणि दर वेळी प्रोसेसर तिथंच अडखळतो.

मार्केट यार्डात भूपालअण्णा मगदूम दिवाणजी होते,
वडील त्यांच्या हाताखाली. मी डबा घेऊन जायची.
भिंतीपासून ओळीनं गुळाचे रवे,
तेरा इंच रुंद, बारदानावरची नावं पाकानं पुसलेली.
दस्तगीर मधलाच एक रवा उचलायचा,
टेप धरून ओरडायचा, "दोनशे साठ!"
अण्णा डोळे मिटायचे.
"वीस सोडून पुढचा. वडणग्याच्या चौगुल्यांचा."

तेरानं ते कधी भागत नसत.
सत्त्याहत्तरनं गुणत. वीस हजार वीस.
मागचे तीन आकडे पुसत. उरले वीस.
"तेरा सत्त्याहत्तर किती गं पोरी?"
एक हजार एक.
"वरचा एक शकुनाचा. आहेरात घालतात तसा."

वडील पुटपुटले, "त्या एकापायी चुकेल की कधीतरी."
"चुकेल. बरोबर हजाराव्या इंचाला.
आपली भिंत नऊशे साठला संपती."

पुढं साचे बदलले, रवा चौदा इंचांचा झाला.
अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी खांबावर खडूनं लिहिलेलं:
७१५. चार आकडे पुसा.

मी भागाकार खोडते.
प्रत्येक आकाराचा गुणक एकदाच काढायचा,
गोदाम उघडतानाच,
मग फक्त गुणायचं आणि उजवीकडं सरकवायचं.
चाचणी लावते, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत,
एकही जागा न गाळता.

ती चालू असताना वर टिपणी लिहिते.
काय वेगवान झालं ते नंतर.
आधी: भिंत कुठं संपते.