भांगाचं पाणी

कार्मेलीन म्हणाली होती, अष्टमीला ये.
पुनवेचं पाणी अंगावर येतं,
अष्टमीचं बसून बोलतं.
म्हणून कॅलेंडरात तिथी बघून मी रजा टाकली.
ऑफिसात कारण दिलं: दात.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून तर.
तरीत दोन मोटरसायकली, बर्फाची एक लादी,
पाय बांधलेला कोंबडा,
आणि गाऊनच्या आत पोहण्याचा पोशाख घातलेली
त्रेपन्न वर्षांची मी.

मढच्या मागे, बोंबलांच्या वलांड्यांखालून वाकत
तिने मला एका खाचेत नेलं.
नाव काय हिचं?
"नाव कशाला? आम्ही नुसतं 'आत' म्हणतो."
तीन बाजूंना काळं खडप, चौथ्या बाजूला सगळा समुद्र,
मध्ये चारपाच लुगडी पसरता येतील
एवढंच पाणी.

स्वच्छ म्हणाल तर नाही.
रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा,
कोपऱ्यात डाव्या पायाची एक चप्पल,
आणि कुणाच्या तरी नवसाचा नारळ
आत यावं की नाही, ठरत नसल्यासारखा
दाराशी घुटमळणारा.

मी या शहरात जन्मले.
समुद्राकडे पाठ करून भेळ खाल्ली,
समुद्राकडे तोंड करून ठरलेलं लग्न मोडलं,
पण गुडघ्याच्या वर तो मला कधी लागला नव्हता.
पोहायला शिकले पन्नाशीत, महापालिकेच्या तलावात,
तळाच्या निळ्या फरश्या मोजत.
तिथे पाणी पंचेचाळीस मिनिटांचं.
शिट्टी वाजली की संपतं.

इथे शिट्टी नव्हती.
कार्मेलीन आधी उतरली, झग्यासकट, म्हशीसारखी निवांत.
मग मी, खडकाला धरून,
कालवांच्या धारेवर अंगठा कापून घेत,
एक पाय, दुसरा, पोट.
पोटाशी पाणी आलं तेव्हा श्वास वर गेला
तो खाली यायला तयार होईना.
"सोड," ती म्हणाली.
काय, ते म्हणाली नाही.
मी खडक सोडला.

तळ नव्हता.
म्हणजे असेल, माझ्या पायांच्या हिशेबात नव्हता.
पाणी मला उचलायचं, ठेवायचं, पुन्हा उचलायचं,
बाजारात एखादी बाई भोपळा हातात तोलते
आणि भाव विचारत नाही, तसं.
उताणी झाले. कान बुडाले.
कुठल्याशा होडीचं इंजिन टुकटुकत होतं
थेट माझ्या दाढांच्या मागे.
वर एक घार.
पलीकडे इमारती, त्यातल्या एकीत तेराव्या मजल्यावर
माझं कपाट, माझ्या गोळ्या, भिजत टाकलेली कढई.
एवढीशी दिसत होती ती
की अंगठ्याने झाकली.
रक्त येत होतं, त्याच अंगठ्याने.

बाहेर आलो तर जेवण गेलेलं.
खोबणीतली पिशवी भरतीने अलगद उचललेली,
तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं सुकं, माझं पाकीट,
सगळं मालवणच्या दिशेने निघालेलं.
कार्मेलीन आधी समुद्राच्या आईवरून बोलली
मग हसत सुटली,
इतकी की तिला खाली बसावं लागलं.
बसून बोलणाऱ्यालाही भूक लागतेच की.

जरा पुढे एक म्हातारी कालवं फोडत होती.
तिने आमच्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही,
टोच्याने एक उघडून पुढे केलं.
लिंबू होतं तिच्या कनवटीला.
मी कधी कच्चं खाल्लं नव्हतं.
मघाशी ज्याने मला गिळलं नाही
तेच घशाखाली गेलं, थंड, न चावता.
सात खाल्ली.
मग ती उठली. "आता जावा गो, पानी चरतंय."

तरवाल्याने उधारीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात परुळेकरांनी विचारलं,
दात कसा आहे?
म्हटलं,
हलतोय अजून.