लांडग्याचा दात

ग्लाफिरा तीखोनोव्हनाच्या टेबलावर
एक दात आहे, लाकडी मुठीत बसवलेला,
कोऱ्या चहाच्या रंगाचा.
लांडग्याचा. तिच्या आजोबांच्या आजोबांचा.
म्हणजे दात लांडग्याचाच, मालकी आजोबांची,
ती हसून दुरुस्त करते.

या दातानं त्या काळी
संतांच्या डोक्यामागची वलयं घासत.
मग पालेखमध्ये संत रंगवणं बंद झालं,
हात तेवढे उरले.
हातांना पुठ्ठ्याच्या डब्या मिळाल्या:
खळीनं थरावर थर, जवसाच्या तेलात मुरवायचे,
भट्टीत वाळवायचे, लाकडासारखे वाजेपर्यंत.
वर काळं रोगण. त्यावर कोल्हीण, बगळा, अस्वल,
ज्यांच्यापुढं कुणी मेणबत्ती लावत नाही
असे सगळे.

मी शिकायला राहिले त्या हिवाळ्यात
आधी बलक सांभाळायला शिकले:
या तळहातावरून त्या तळहातावर,
पांढरं सगळं निथळेपर्यंत,
मग पापुद्रा टोचून थेंबभर व्हिनेगर.
खारीच्या शेपटीचा कुंचला,
श्वास रोखून ओढायची रेघ.
"श्वास सोड गं," ती म्हणायची,
"बुडायला निघालीस का?"

तिची आवडती डबी एकच.
गोठलेली नदी, बर्फात भोक,
त्यात शेपूट सोडून बसलेला लांडगा,
मासे लागतील म्हणून.
काठावर कोल्हीण, अंगभर सोनं ल्यालेली,
लग्नघरातल्या करवलीसारखी.
पुढचं सगळ्यांना ठाऊक:
पहाटे बाया पाण्याला येतात,
खांद्यावरची कावड पाठीत बसते,
तो पळतो, शेपूट बर्फात राहते.

शहरातला व्यापारी म्हणाला,
बाया घाला, मार घाला, जरा झणझणीत होऊ दे.
तिनं त्याला चहा दिला, बोरांचा मुरंबा दिला.
बाया दिल्या नाहीत.

फळीवर अठ्ठावीस डब्या मोजल्या मी.
अठ्ठावीस नद्या,
एकीवरही उजाडलेलं नाही.
केसाएवढ्या रेघांनी चांदणं वाढत जातं
आणि लांडगा वाट बघतो.
शेपूट अजून त्याचीच आहे.

"असं का?" मी विचारलं.
ती तेव्हा कोल्हिणीचं सोनं घासत होती
दातानं, हळूहळू, गोल गोल,
आतून उजेड येईपर्यंत.
"दात त्याचा वापरते ना," म्हणाली,
"एवढं तर देणं लागते."

बाहेर पालेश्का खरीच गोठलेली.
कुणीतरी पहारीनं बर्फ फोडत होतं, ठक, ठक,
मासे मिळतील अशा आशेनं.
मी कुंचला धुतला.
बोटांना अंड्याचा वास येत होता.