छप्पन ग्रॅम नायट्रोजन

फाहाहील, चौथा मजला. एसीची घरघर.
बाहेर धुळीचं वादळ, काचेवर पिवळं पीठ.
झैनब मुकादमनं वहीत लिहिलंय: अमोनिया, एकशे बारा ग्रॅम.
"एकास दोन ना, टीचर? मग छप्पनची दुप्पट."

मी लगेच खोडत नाही.
विचारते, एकाचा पगार दिनारात, दुसऱ्याचा रुपयांत,
तसेच शेजारी मांडून म्हणशील का
कोण किती कमावतो?
ती हसते. पगार झाला की तिचे अब्बा
आधी एक्सचेंजच्या रांगेत उभे राहतात,
मग दापोलीला फोन.

तशीच ही मोलची खिडकी.
ग्रॅम आत सरकव, अठ्ठावीसनं भाग,
हातात दोन मोल.
एकास दोन चालतं ते फक्त इथं, आतल्या बाजूला.
दोनाचे चार झाले. आता दुसऱ्या खिडकीतून
सतरानं गुणून बाहेर ये.

अडुसष्ट.

ती बोटांवर पडताळते:
छप्पन नायट्रोजनचे, बारा हायड्रोजनचे.
"जुळलं," म्हणते, जरा हिरमुसून,
भांडायला काही उरलं नाही म्हणून.

पुढचं गणित खालच्या कॅफेटेरियातलं.
एका खुबूसात तीन फलाफल.
खुबूस दहा, फलाफल बारा. रोल किती?
"चार. आणि सहा खुबूस कोरडे."
अडवलं कुणी?
"फलाफलनी. पण टीचर,
बघणाऱ्याला वाटेल, खुबूस तर भरपूर आहेत."
याच्यावर मी काही बोलले नाही.
मर्यादी अभिक्रियाकारक
एवढा लांब शब्द फळ्यावर लिहून
तिला तो विसरायला लावणं जिवावर आलं.

साडेसातला बेल. अब्बा दारातच उभे,
बूट बाहेर, ओव्हरऑलला तोच वास,
ज्याचं सूत्र आम्ही तासभर लिहीत होतो.
वहीत डोकावतात.
"कागदावर बरं हाय. प्लँटात
एका फेरीत सगला नाय होत, मॅडम.
थोडाच अमोनिया बनतो.
उरलेला गॅस परत आत सोडायचा,
परत, परत."
"किती वेळा, अब्बा?"
ते पिशवी खांद्यावर घेतात.
"मी लागलो तेव्हापासून चालूच हाय."

ते गेल्यावर मी टेबल पुसलं.
धूळ निघाली. पुन्हा बसली.
निवासी कार्डाचं नूतनीकरण या महिन्यात,
माझं बारावं.