अक्रोड धरून

सेगेडला, तिसा नदीकडे खिडकी असलेल्या वर्गात
एतेल्काबाई फळ्यावर तीन अक्षरं लिहितात,
मध्ये दोन बाण.
"पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे.
वाटेत माहिती गळते. वाढत नाही.
शेवटी कितीही हुशार माणूस बसवा,
दुसऱ्यापाशी होतं त्याहून जास्त
त्याच्या पदरात पडणार नाही."
मग 'लहान किंवा समान'ची खूण काढतात,
खालची आडवी रेघ दाबून, खडू मोडेपर्यंत.

बेनेडेक विचारतो, "सिद्धता परीक्षेला आहे?"
आहे. तीन ओळींची.
बाई ती लिहितात, हात पुसतात,
आणि आज, का कोण जाणे, खिडकीशी थांबतात.

एक्कावन्न साली त्या सात वर्षांच्या होत्या.
भाऊ वेंडेल छावणीत; कुठल्या, ते विचारायचं नव्हतं.
अकरा महिन्यांनी एक कार्ड आलं.
पंचवीस शब्दांची मुभा,
त्यातल्या विसांवर शाई,
नीट, पट्टी लावून, सरकारी नोकरीला शोभेल अशी.
आईनं कार्ड दिव्यासमोर धरलं, वाफेवर धरलं.
काळं ते काळंच.
उरलं एवढंच :
मोर्झा आता नीट खाते का?

शेजारीण म्हणाली, पोराला कुत्रीची आठवण येते हो.
तपासनिसालाही तसंच वाटलं असणार.
पण मोर्झा कधीच मेली होती.
वेंडेलनंच पुरली होती तिला, अक्रोडाखाली,
त्याला नेलं त्याच्या आदल्या शरदात.

आई काही बोलली नाही.
एतेल्काला लवकर झोपवलं.
अंधारात कुदळीचा आवाज, थांबत थांबत,
मग चुलीत कागद जळल्याचा वास.
सकाळी आईच्या नखांत माती
आणि पाव रोजच्यासारखाच कापलेला.

गुरुवारी झडती आली. त्यांनीही अंगण खणलं.
त्यांना एका कुत्रीची हाडं मिळाली.
तीसुद्धा माहितीच होती म्हणा,
पण कार्ड वाचणारा दुसऱ्या कचेरीत बसत होता.

"म्हणजे असमानता मोडली," बेनेडेक म्हणतो.
"नाही रे. ती मोडत नाही.
शाईखालचे वीस शब्द मला आजही ठाऊक नाहीत,
आणि ते सांगायला वेंडेल परत आला नाही.
आपण फक्त मांडणीत
अक्रोड धरायला विसरलो होतो."

पहिल्या अक्षरापासून तिसऱ्यापर्यंत
बाई आणखी एक बाण काढतात,
खालून, मातीतून गेल्यासारखा.

घंटा होते.
कुणीतरी विचारतं, हे उतरवून घ्यायचं का?