बंदीच्या दिवसांत बोट बघायला

बोट आषाढात बघावी, असं मोऱ्याच्या रज्जाक मिस्त्रीचं म्हणणं.
नारळी पुनव जवळ आली की भाव चढतो.
आत्ता ती कुशीवर निजलेली असते, पोट दिसतं,
आणि मालकाला घरपट्टी भरायची असते.

म्हणून गमबूट, छत्री आणि ग्रॅच्युइटीचं पासबुक घेऊन
मी दिवाळे गावात.
पासबुक कशाला, हे शैलजाने विचारलं नाही.
एवढंच म्हणाली, तुला पोहता कुठं येतं?

तेहतीस वर्षं तुर्भ्याला पंपावर होतो.
या टाकीतलं पाणी त्या टाकीत,
मीटरचा आकडा, वहीत सही.
खाडी दिसायची ती कळव्याच्या पुलावर, कंपनीच्या बसमधून,
कठड्याच्या गजांनी चिरलेली,
आणि तीही खिडकीची जागा मिळाली तर.

बोट बाहेर, ओंडक्यांवर, निळ्या ताडपत्रीखाली.
इंजिन मात्र घरात, फ्रिजच्या शेजारी,
जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.
चाळीस हॉर्सपॉवर.
"दोनच हंगाम चालवलाय," हिराजी तांडेल म्हणाला,
आणि मिस्त्रीने लुगड्याच्या गाठीकडे बघितलं.

दोघांनी उचलून ते अंगणातल्या पिंपावर लटकवलं.
दोरी ओढली. नाही.
पुन्हा ओढली. नाही.
हिराजीची बायको दारात आली, हाताला तांदळाचं पीठ.
तिसऱ्या ओढीला
पिंपातलं पाणी एकदम पेटलं,
कोंबड्या उधळल्या, शेजारून शिवी आली,
आणि त्या दोनशे लिटरात
एक हात हँडलवर ठेवून
डोळे बारीक करून हिराजी असा उभा राहिला
की समोरच्या भिंतीवर वाळत घातलेले कपडे
त्याला दिसतच नव्हते.

मग मिस्त्रीने खिशातून दहाचं नाणं काढलं.
लाकूड डोळ्यांनी कळतं, फायबर कानांनी.
टण्. टण्. टण्.
डॉक्टर पाठ ठोकतो तसा तो काठाकाठाने सरकत गेला.
टण्. टण्.
नाळेपासून चार हात मागे,
ठप्.
परत वाजवलं. ठप्.

हिराजी खाडीकडे बघत होता.
खाडीत बघण्यासारखं काही नव्हतं,
ओहोटी, गाळ, आणि उलटी वाहणारी एक चप्पल.

"किती म्हणालात?"
"एक पंच्याऐंशी."
कोणीच काही बोललं नाही.
ताडपत्रीवरून पाणी गळत राहिलं, तेवढाच व्यवहार.

"बारक्यानं आपटवली ती," दारातून आवाज आला.
"गनपतीच्या राती, पुलाचे खांबाला. सांगा ना त्यानला."
हिराजीने मान वळवली, पण उशीर झाला होता.
बारक्या कुठे असतो, मी विचारलं.
"दुबईला. क्रेन चालवतो, वर, ढगान.
पानी नको, बोलला."

एक पंचवीस. एक साठ.
एक चाळीसला मिस्त्रीने माझं कोपर दाबलं,
अजून थांबा या अर्थी,
आणि मी नेमका तेव्हाच हो म्हणालो.

नाळेवर पिवळ्या अक्षरांत मथुरा असं लिहिलेलं,
थ चा अर्धा रंग उडालेला.
मला वाटलं, आता सांगतील, नाव तेवढं राहू द्या.
मी मनात होकार तयार ठेवला होता, जरा ओलसरसा.
तिने पिठाचे हात पदराला पुसले.
"नाव खरवडून टाका," म्हणाली,
"सोला वरसां पान्यात उभी हाय मी."

परतताना रिक्षातून फोन केला. घेतली, म्हणालो.
पलीकडे कुकरची शिट्टी. मग दुसरी. मग शैलजा:
तरणतलावाचा फॉर्म महापालिकेत मिळतो,
वयाची अट नाही,
मी मागच्याच आठवड्यात विचारून ठेवलंय.