पाणसळ

कोटेशन मात्र देखणं होतं.
जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि पानापानावर
एक हसरं कुटुंब, कोरड्या ठणठणीत बाथरूममध्ये.
‘दहा दिवस, मॅडम,’ रिझवानसाहेब म्हणाले,
‘अकराव्या दिवशी तुम्हीच मला चहाला बोलवाल.’
तीन हजार दिरहम मोजून दिले मी
अबू शगाऱ्यातल्या भाड्याच्या घरासाठी,
नाना यायचे होते म्हणून.
नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यांचे गुडघे,
न घसरणारी फरशी, आणि कमोडशेजारी
धरून उठायला स्टीलचा एक दांडा.

पहिल्या दिवशी चौघं आले,
दुपारच्या अजानीपर्यंत सगळं उखडून गेले.
उखडायला माणसं कमी पडत नाहीत.

मग ‘उद्या’ सुरू झाला.
हिंदीतला उद्या, मल्याळममधला, ड्रायव्हरचा ‘बुकरा’,
मर्लिनच्या साखरगळ्यातला ‘टुमारो, मॅम’.
टाइल इटलीहून निघालीय.
टाइल जबल अलीला अडकलीय.
मी स्वतः क्लिअरिंगच्या ऑफिसात. कंटेनर नंबर मागितला,
फोन कट झाला.

नाना आले तेव्हा दारात सिमेंटची पोती.
‘धरण बांधतेस काय गं?’
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेली,
कंत्राटदार ही जात त्यांना मुखोद्गत.
अंघोळीला शेजारी, शोभनाचेचीकडे,
खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी,
आणि बादलीभर पाणी आदल्या रात्री एसीत निववलेलं,
कारण जुलैत इथं थंडाच्या नळालाही चटका असतो.
चेचीकडे ते आतून कडी लावत नसत.
पडलोच तर परक्याचं दार फोडायला नको म्हणून.
हे मला चेचीनं सांगितलं. नानांनी नाही.

त्या दिवशी मी इंडस्ट्रियल पाचमध्ये जाऊन भांडले.
राग चढला की माझं हिंदी मराठी होतं.
रिझवानसाहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं,
खजूरसुद्धा दिले.
तारीख दिली नाही.

एकसष्टाव्या दिवशी एकटा नूरुल आला, सिल्हेटचा,
टाइलच्या तीन पेट्या घेऊन, पैकी एक भलत्याच रंगाची.
मी सगळी वाक्यं घोकून ठेवली होती.
त्यानं पिशवीतून पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं,
आणि नाना एकदम स्टुलावरून उठले.
‘पाणसळ! अजून वापरतात?’
एक टोक नूरुलच्या हातात, एक नानांच्या,
मधे ओल्या सिमेंटचा वास.
भाषा एकमेकांची येत नव्हती, पाण्याची येत होती.
‘खोटं बोलत नाही बघ हे,’ नाना म्हणाले,
नूरुलनं मान हलवली, मग म्हणाला,
‘तीन माश बेतन नाई.’
बेतन नानांना बरोबर कळलं.
माझी घोकलेली वाक्यं तशीच राहिली. मी चहा टाकला.

जमीन झाली. अर्धी भिंत झाली.
दुसऱ्या दिवशी नूरुलला अजमानच्या कुठल्या व्हिलावर हलवलं,
नळी इथंच राहिली, खिळ्याला.

नव्वदाव्या दिवशी नाना गेले. विमानतळावर
व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराला त्यांनी विचारलं,
पगार वेळेवर होतो का तुझा?

नंतरच्या सोमवारी मेसेज आला.
आपलं काम यशस्वीपणे पूर्ण झालं आहे. अभिनंदन.
आमच्या सेवेला किती तारे द्याल?
शून्याची सोय नव्हती. एकापासून सुरुवात.

दांडा अजून प्लास्टिकात गुंडाळलेला, दाराआड.
भिंतीच्या उघड्या गिलाव्यावर पेन्सिलची एक रेघ,
बाण काढून शेजारी नानांच्या अक्षरात:
‘इथे. भोकं दोन इंच खोल.’
फरशी पुसताना गुडघा भरून येतो हल्ली,
उठताना हात आपोआप त्या रेघेवर जातो.